दया आली का गं?

आमच्या डोंबिवलीच्या घरात रात्री साडेआठला टीव्हीजवळची वेताची खुर्ची सासूबाईंची असते. वय 84. दृष्टी पार अधू झाली आहे, त्यामुळे त्या 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही हिंदी विनोदी मालिका बघत नाहीत, ऐकतात. मी आत ओटा पुसत असते. शीर्षकगीत संपून जेठालालचा आवाज सुरू झाला की पाचेक मिनिटांत हाक येते, "अगं, दया आली का?" दया म्हणजे जेठालालची बायको, मालिकेतून कधीची गेलेली. आईंना वाटतं, आपल्याला ऐकू आलं नसेल. मी म्हणते, "नाही आई, अजून नाही." सात-आठ वर्षं हे चाललं आहे.

म्हणून हे परीक्षण मी एकाच बाजूने लिहिते आहे. माणूस निघून गेला की ही मालिका काय करते? 28 जुलै 2008 ला सुरू झालेल्या आणि चार हजारांहून जास्त भाग झालेल्या मालिकेत माणसं बदलणारच. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोबदल्यावरून वाद, कुणाचा मृत्यू. कलाकाराने किती वर्षं एकच काम करावं हा त्याचा प्रश्न, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते मागे राहिलेल्या गोष्टीबद्दल.

आईंमुळे मला एक कळलं. डोळ्यांनी बघणारा नव्या चेहऱ्याला महिनाभरात सरावतो. कानांना ते जमत नाही. जेठालालच्या मुलाचं, टप्पूचं काम तिघांनी केलं, भिडे मास्तरांच्या सोनूचं चौघींनी. त्याचं आईंना काही वाटलं नाही, पोरांचे आवाज फुटतातच. तारकची बायको अंजलीभाभी 2020 मध्ये बदलली, तेव्हा त्या आठवडाभर "ही कोण बोलतेय?" विचारत होत्या, मग थांबल्या. पण 2022 मध्ये शैलेश लोढा गेले आणि तारक मेहता म्हणून सचिन श्रॉफ आले, ते आईंना जड गेलं. भागाच्या शेवटी दिवसभराच्या गोंधळावर चार शब्द बोलणारा तोच आवाज होता ना! चौदा वर्षं तो आवाज ऐकून त्या अंथरुणाला पाठ टेकायच्या. श्रॉफ यांचं काम नीट आहे. तरी आईंना पुष्कळ दिवस वाटायचं की भाग मधेच तुटला.

डॉक्टर हाथींच्या बाबतीत मालिकेला योगायोगाने हात दिला. ते काम करणारे कवी कुमार आझाद 9 जुलै 2018 ला हृदयविकाराने गेले. त्यानंतर निर्मल सोनी आले, आणि सुरुवातीच्या भागांतले हाथी तेच होते. जुना माणूस घरी परतावा तसं ते वाटलं. "सही बात है" पुन्हा ऐकू आलं आणि आई हसल्या.

नट्टूकाकांचं मात्र मला अजून पटलेलं नाही. ते काम करणारे घनश्याम नायक 3 ऑक्टोबर 2021 ला कर्करोगाने गेले. जेठालालच्या दुकानातला, गडा इलेक्ट्रॉनिक्समधला तो म्हातारा नोकर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारा, दर चार दिवसांनी "सेठजी, मेरी पगार कब बढाओगे?" विचारणारा. पुढच्या वर्षी किरण भट्ट नट्टूकाका म्हणून दुकानात उभे राहिले. जुने नट आहेत, त्यांनी ओढूनताणून नक्कल केली नाही, हे त्यांचं मोठेपण. पण माझ्या मनात दुसराच प्रसंग आहे. बाघा हा नट्टूकाकांचा पुतण्या. एके सकाळी तो एकटाच दुकानाचं शटर वर करतो. जेठालाल उशिरा येतो, सवयीने "नट्टूकाका" अशी हाक मारतो आणि तिथेच थांबतो. पगाराचा प्रश्न त्या दिवशी कुणीच विचारत नाही. पाच मिनिटांचा प्रसंग, पण तेरा वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाला निरोप दिल्यासारखं झालं असतं. विनोदी मालिकेत मरण दाखवायचं नाही, या भीतीने ते राहून गेलं असं मला वाटतं.

आता दया. तिचं काम करणाऱ्या दिशा वकानी सप्टेंबर 2017 मध्ये बाळंतपणासाठी गेल्या. गोष्टीत दया अहमदाबादला, माहेरी आईकडे गेली. बायको माहेरी गेली, यावर कुणाला शंका येईल? आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरीच जाते, दोन-चार महिने राहते. तोवर सगळं बरोबर होतं. पुढे महिन्यांची वर्षं झाली आणि दया तिथेच राहिली. 2019 च्या नवरात्रात ती फोनवर घटकाभर भेटली, त्या रात्री आई खुर्चीतून पुढे वाकून ऐकत होत्या. मग परत काही नाही. जेठालाल अधूनमधून उसासा टाकतो, फोन लावतो, गाडी कुठवर आली विचारतो. 2023 च्या दिवाळीत दयाचा भाऊ सुंदरलाल याने बहिणीला आणतो असा शब्द दिला. हे काम करणारे मयूर वकानी दिशा यांचे सख्खे भाऊ, त्यामुळे लोकांनी तो शब्द आणखी खरा मानला. सोसायटी नटली, जेठालाल नटला, आणि दया आली नाही. लोक इतके चिडले की मालिकेवर बहिष्कार टाका म्हणू लागले. मला ती चीड समजते. दिलीप जोशींनी त्या भागात जेठालालचं मोडलेलं मन इतकं खरं केलं की माझेही डोळे भरले, आणि म्हणूनच जास्त लागलं. असा नट, असं दुःख, आणि ते वापरलं कशासाठी, तर वाट पाहणं आणखी लांबवण्यासाठी.

यातली चुटपुट अशी की गैरहजर माणूस जिवंत ठेवायची कला या मालिकेला उत्तम येते. दयाची आई बघा. तिचा चेहरा कधी कुणी पाहिलेला नाही. ती फक्त फोनच्या पलीकडे असते, पण तो फोन वाजला की जेठालालच्या पोटात गोळा येतो. ती काहीतरी सांगते, दया ते तंतोतंत करते आणि घरात उलथापालथ होते. तिच्या फोनने गोष्ट पुढे सरकते. दयाच्या फोनने मात्र काहीच घडत नाही. दयाचं गोकुळधाम सोसायटीतलं काम काय होतं? गरब्याची पहिली टाळी तिची. "टप्पू के पापा" म्हणत भलतीच गोष्ट सरळपणे बोलून भांडण मिटवणारी ती. भिडे मास्तर आणि जेठालाल यांची जुंपली की भिडेंची बायको माधवीभाभी आणि दया स्वयंपाकघरातून ती विझवायच्या. हे काम आता कोण करतं, हे मालिकेने कधी ठरवलंच नाही. माधवी एकटी पडली आहे, हे एकदा तरी दाखवायला हवं होतं. पापडांच्या ऑर्डरीतून मान वर करून ती समोरच्या बाल्कनीकडे बघते, एवढं पुरलं असतं.

माझी मुलगी लेस्टरला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही बीबीसीची जुनी विनोदी मालिका लावली. त्यातले आजोबा, लेनर्ड पीअर्स, डिसेंबर 1984 मध्ये गेले, चित्रीकरण चालू असताना. त्यांच्या जागी दुसरा आजोबा आणायचा नाही असं ठरलं. लेखक जॉन सुलिव्हन यांनी नवा भाग लिहिला, तो आजोबांच्या अंत्यविधीनेच सुरू होतो. मोठा नातू डेल लगेच खाण्यापिण्यात, धंद्यात रमतो. धाकटा त्याच्यावर चिडतो, तू इतक्यात सावरलास कसा म्हणून. तेव्हा डेल सांगतो की सावरणं दूरच, माझं दुःख अजून सुरूही झालेलं नाही. त्या भागात हसू आहे, भरपूर आहे. लोक सोडून गेले नाहीत, मालिका पुढे कितीतरी वर्षं चालली.

आणि मिस्टर हूपर. मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं, म्हणून हा भाग मला सगळ्यात जवळचा. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमात 1969 पासून हूपर यांचं दुकान होतं. ते काम करणारे विल ली डिसेंबर 1982 मध्ये गेले. ते फ्लॉरिडाला राहायला गेले असं सांगावं, असाही विचार झाला होता. शेवटी मुलांना खरं सांगायचं ठरलं. 24 नोव्हेंबर 1983 च्या भागात तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, सगळ्यांची चित्रं काढून आणतो. हूपर यांचंही काढलेलं असतं. ते आले की देईन म्हणतो. मोठी माणसं हळूच सांगतात की ते वारले, ते परत येणार नाहीत. झोपले, लांब गेले, असले शब्द नाहीत. तो विचारतो, असं का? उत्तर मिळतं, असंच असतं म्हणून. ते चित्र तो आपल्या घरट्याजवळ लावतो. रडणारे ते नट खरंच रडत होते.

हे बघताना मला आमच्या मावशी आठवल्या. बालवाडीतल्या सेविका, रोज पोरांची नाकं पुसणाऱ्या, खाऊ वाटणाऱ्या. त्या अचानक गेल्या. आम्ही सगळ्या बायांनी मिळून पोरांना सांगितलं, मावशी गावाला गेल्यात. एक चार वर्षांची मुलगी रोज आपली अर्धी शेंगदाण्याची वडी रुमालात बांधून ठेवायची, मावशींसाठी. दोन महिने. मग तिने विचारणं सोडलं, आणि आम्हाला वाटलं विसरली. पालकसभेला तिची आई म्हणाली, "मावशी माझ्यावर रागावल्यात, असं म्हणते हो ही."

त्यामुळे माझं मत असं. 'तारक मेहता' बघायची असेल तर 2008 ते 2017 चे भाग बघा, सोनी लिव्हवर आहेत. घरातल्या चार पिढ्यांनी एकत्र बसून बघावी अशी ती मालिका आहे, आणि भिडे मास्तरांच्या 'सखाराम' स्कूटरसह ती आपल्या गोरेगावची आहे. नवे भाग दिलीप जोशींसाठी बघा. दयाची वाट बघू नका.

हे शेवटचं वाक्य मी गेल्या आठवड्यात आईंनाच सांगितलं. त्यांनी विचारलं, "दया आली का गं?" मी हात पुसून बाहेर आले, खुर्चीजवळ बसले आणि म्हटलं, "आई, ती आता येणार नाही बहुतेक. तिला दोन मुलं आहेत, ती घरी रमली आहे."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मुलं बरी आहेत ना? मग ठीक आहे. अगं, मला आधीच सांगायचंस की. ते बंद कर, जुना गरब्याचा भाग लाव."

मी मोबाईलवर लावला आणि फोन त्यांच्या कानाजवळ धरला.