किनाऱ्यावर रंगीत ॲल्युमिनियम पत्रा: एच14 घ्यावा की एच24?

मालवण-रत्नागिरीकडे किंवा गोव्यात समुद्रालगत छप्पर किंवा दर्शनी भिंत करायची आहे आणि हातात दोन कोटेशनं आहेत. मिश्रधातू 3005 किंवा 3105, रंग तोच, ताकदही जवळपास सारखी. फरक टेम्परचा, म्हणजे कडकपणा कसा आणला त्याचा, आणि तो ठरतो भट्टीवर. एच14 थंड रोलिंगने कडक करून तसाच ठेवतात. एच24 त्याहून जास्त कडक करून मग भट्टीत थोडा नरम करतात.

घडी घालायची तर एच24 सरस. काटकोनात वाकवला तरी कोपऱ्यावर तडे कमी जातात.

गंजाचं गणित वेगळं आहे. रोलिंगमध्ये रोल घासल्याने पत्र्याचा अगदी वरचा, एखाद्या मायक्रॉनचा थर चुरडून अतिसूक्ष्म दाण्यांचा होतो. भट्टीत गेल्यावर याच थरात मँगनीजचे बारीक कण वेगळे पडतात. धातूत विरघळलेलं मँगनीज घटलं की हा थर आतल्या धातूपेक्षा लवकर गंजतो. मग कापलेल्या कडेशी किंवा स्क्रूच्या भोकाशी खारी, दमट हवा मिळाली की रंगाखालून गंजाचे केसासारखे धागे सरकू लागतात. वरून रंग शाबूत दिसतो, बोट फिरवलं की बारीक उंचवटे लागतात. रंगाचा जाड थर यावर उपाय नाही, कारण गंज कडेकडून आत शिरतो.

म्हणजे एच14 बिनघोर? तसंही नाही. रोलिंगच्या मधल्या टप्प्यात त्याचीही कॉइल (पत्र्याची गुंडाळी) भट्टीतून गेलेली असू शकते. रंग पक्का करणाऱ्या भट्टीची मात्र फार धास्ती नको. कॉइल कोटिंगमध्ये, म्हणजे गुंडाळी उलगडून सलग रंगवताना, पत्रा 220-240 अंशांपर्यंत तापतो, पण तिथे तो एक मिनिटही नसतो.

म्हणून माझ्या मते टेम्परच्या आधी विचारायचं ते हे: रंगाआधी कॉस्टिक सोड्याने पत्र्याच्या वरचा किती धातू काढला? क्वालिकोट या ॲल्युमिनियमवरच्या रंगकामाच्या दर्जा-प्रमाणपत्राच्या नियमांत किमान 1 ग्रॅम प्रति चौरस मीटर आहे, किनाऱ्यासाठीच्या 'सीसाइड' वर्गात 2 ग्रॅम. 2 ग्रॅम म्हणजे सुमारे पाऊण मायक्रॉन, त्या चुरडलेल्या थराचा बराचसा भाग. नुसतं तेल काढणारं धुणं इथे कामाचं नाही.

साधं पन्हाळी छप्पर असेल तर मी एच14 घेईन. तीव्र घड्यांचं क्लॅडिंग (दर्शनी भिंतीचं आवरण) असेल तर एच24, पण 2 ग्रॅमची लेखी हमी मिळाली तरच. पुरवठादाराला हा आकडा सांगता येत नसेल, तर समुद्राजवळ त्याचा एच24 लावू नका.