सैनिकी खांदाचिन्हांचा संच: भरतकाम उत्तम, मापात गफलत

दोन महायुद्धांच्या काळात वेगवेगळ्या सैन्यांच्या डिव्हिजननी (म्हणजे हजारो सैनिकांच्या तुकड्यांनी) आणि एखाद्या अख्ख्या आर्मीनेही बाहीवर लावलेल्या चिन्हांच्या भरतकामातील प्रतिकृती आणि प्रत्येकीसोबत एक छापील माहितीपत्र, असे या संचाचे स्वरूप आहे. अशा संचाकडून माझी अपेक्षा एवढीच असते की, चिन्ह ज्या कारणाने जसे आखले गेले ते कारण प्रतिकृतीतही दिसावे. या कसोटीला हा संच निम्माच उतरतो.

भरतकामात नाव ठेवायला जागा नाही. अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या काळ्या ढालीवर गरुडाच्या पांढऱ्या डोक्यावरील टाके पिसांच्या दिशेने वळवलेले आहेत आणि पिवळ्या चोचीतील लाल जीभ अगदी बारीक असूनही तिचा एकही धागा कडेबाहेर आलेला नाही. हा गरुड अमेरिकी यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या ८व्या रेजिमेंटने सोबत बाळगलेल्या ‘ओल्ड एब’ या पक्ष्यावरून घेतला आहे, ही माहितीही पत्रात नेमकी दिली आहे. तरीही मला सर्वांत सरस वाटले ते ५व्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरचे नुसते लाल वर्तुळ. त्यात प्राणी नाही, शस्त्र नाही, अक्षर नाही; पण धावत्या गाडीवर क्षणभर दिसले तरी ते दुसऱ्या कशासारखे वाटणार नाही. चिन्हात इतिहास, भूगोल आणि बोधवाक्य असे सगळेच कोंबू पाहणाऱ्यांनी हा लाल गोळा जरूर समोर ठेवावा.

खरी गफलत झाली आहे ती मापात. पेटीच्या खाचांमध्ये नीट बसावीत म्हणून सर्व चिन्हे एकाच उंचीची केली आहेत आणि त्याचा सर्वाधिक फटका अमेरिकेच्या १ल्या कॅव्हलरी डिव्हिजनला बसला आहे. पिवळी ढाल, तिच्यावर तिरपा काळा पट्टा आणि कोपऱ्यात घोड्याचे डोके, असे हे १९२१च्या सुमारास ठरलेले चिन्ह मुळात मुद्दाम मोठे ठेवलेले होते. टेक्सासमधील फोर्ट ब्लिसच्या धुळीत घोडेस्वारांना आपली माणसे दुरून ओळखता यावीत, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. तेच चिन्ह इतरांच्या मापात बसवले की रंग आणि आकृती शिल्लक राहते, पण आखणीमागचा विचार नाहीसा होतो. ब्रिटिश ७व्या आर्मर्ड डिव्हिजनच्या जर्बोआची, म्हणजे त्या वाळवंटी उंदराची, शेपटीही या आटोपशीर मापात आखूड झाली आहे.

माहितीपत्रांचा दर्जा सारखा नाही. ब्रिटिश-भारतीय १४व्या आर्मीच्या लाल ढालीवरील तलवारीला तिथे ‘शौर्याचे प्रतीक’ म्हणून वाटेला लावले आहे. वास्तविक तिचे टोक खाली आहे, हीच त्या चिन्हाची सगळी गंमत. चिन्हांमध्ये तलवार उभी, टोक वर करून दाखवण्याची रीत असताना जनरल स्लिम यांनी ती उलटी ठेवली, कारण त्यांच्या फौजेला ब्रह्मदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत परत जिंकायचा होता. याउलट अमेरिकेच्या ४२व्या डिव्हिजनच्या इंद्रधनुष्याची अर्धी कमान मृत आणि जखमी सैनिकांच्या स्मरणार्थ काढून टाकली, ही सैनिकांमध्ये सांगितली जाणारी कथा पत्राने निर्विवाद सत्य म्हणून छापली आहे.

पुढच्या आवृत्तीत निर्मात्यांनी सर्वांत आधी अमेरिकेच्याच ४५व्या डिव्हिजनचे पत्र बदलावे. लाल चौकोनावर पिवळा थंडरबर्ड, म्हणजे मूलनिवासींच्या कथांमधला गडगडाटाचा पक्षी, एवढेच वर्णन देऊन ते थांबते. या डिव्हिजनचे आधीचे चिन्ह अमेरिकेतील मूलनिवासींच्या परंपरेतून घेतलेले पिवळे स्वस्तिक होते. नाझींनी स्वस्तिक आपले केल्यावर ते सोडावे लागले आणि १९३९मध्ये थंडरबर्ड आला. नवे चिन्हही मूलनिवासींच्याच परंपरेतून निवडले गेले. लाल चौकोन आणि पिवळा रंग तसेच का राहिले, हे जुने चिन्ह शेजारी दाखवल्याशिवाय वाचकाला कळणे शक्य नाही.