जुन्या अलॉय चाकांना पावडर कोटिंग की स्प्रे?

वर्षातून दोन-तीनदाच ड्रॅगला (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीला) उतरणाऱ्या गाडीचे सेकंडहँड अलॉय असतील, तर मी स्प्रेच सुचवेन. पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड भाजून बसवलेला थर) दणकट, उडणाऱ्या खडीला सहज दाद देत नाही. पण ते साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजतात, त्यासाठी टायर उतरवावे लागतात. शिवाय नट बसतात तिथे जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल होतात. लाँचच्या, म्हणजे शर्यत सुटतानाच्या, झटक्याला हे धोक्याचं, तेवढी जागा झाकून घ्याच!

स्प्रे घरच्या पडवीतही होतो. फक्त पावसाळ्यात नको, दमट हवेत लॅकर (वरचा पारदर्शक थर) पांढुरका पडतो. कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या चाकाच्या कडेला रंगाखाली पांढरी भुकटी धरली होती. स्वच्छ धातू दिसेपर्यंत ती घासली, मग एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारं अस्तर, मारला, तेव्हा कुठे रंग टिकला.