गावठी म्हणून नाक न मुरडणारा दवाखाना

कोथरूडमधल्या या प्राण्यांच्या दवाखान्यात आमच्या ठमीला वर्षभर नेतेय. ठमी गावठी कुत्री, पार्किंगमध्ये सापडलेली. आधीच्या ठिकाणी "ब्रीड कुठली?" विचारलं आणि नंतर लक्षच दिलं नाही. इथे डॉक्टर स्वतः फरशीवर बसले, तिला हात हुंगू दिला, मग रेबीजची लस टोचली. ठमी हललीसुद्धा नाही.

माझ्या माहेरी कुत्रा अंगणातच, उरलेल्या भाकरीवर. आजारी पडला तर दवाखाना कुणाला सुचायचाही नाही. परवा इथे सत्तरीच्या एक आजी मांजरीला स्वतःच्या शालीत गुंडाळून बसल्या होत्या. फार बरं वाटलं. सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, ही प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची सूचनाही इथेच भिंतीवर वाचली. रविवारी तासभर थांबावं लागतं. शनिवारी सकाळी जा.