उणे ११० ऐवजी नाव: कर्नलच्या '%पीई'बद्दल

ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिणाऱ्यांसाठी लिनक्स कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, '%पीई' ही सोय ५.५ आवृत्तीपासून आहे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) छापणाऱ्या '%पी' या खुणेला पुढे 'ई' जोडला की, पॉइंटरमध्ये एररचा आकडा असेल तर लॉगमध्ये -११० ऐवजी थेट त्या एररचं नाव, -ईटाइम्डआउट (वेळ संपली), उमटतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

ईइनव्हॅल (चुकीचं मूल्य) ही एरर म्हणजे २२ हे झोपेतही सांगता येतं, पण खरी गंमत एमआयपीएस या प्रोसेसर प्रकारावर कळते. तिथे ईटाइम्डआउटचा आकडा ११० नाही, १४५ आहे. म्हणजे दुसऱ्या बोर्डाचा लॉग समोर आला की पाठ केलेले आकडे गेले पाण्यात! नाव मात्र सगळीकडे तेच.

अर्धा गुण कापला तो वापराच्या कटकटीसाठी. हातात साधा इंट (पूर्णांक) असेल तर तो आधी ईआरआर_पीटीआर (आकड्याचा पॉइंटर करणारं फंक्शन) मध्ये गुंडाळावा लागतो, नाहीतर कंपायलर कुरकुरतो. आणि पॉइंटरमध्ये एरर नसून तो धडधाकट असेल, तर नावाऐवजी नेहमीचा हॅश केलेला (खरा आकडा लपवणारा) पत्ता छापून येतो.

सिम्बॉलिक एररनेम हा पर्याय कर्नल बांधतानाच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) सुरू हवा. बंद असेल तर पुन्हा आकडाच. त्याने कर्नल जेमतेम ३ केबीने फुगतो. एवढ्यासाठी तो बंद करणाऱ्यांचं गणित मला कळत नाही, फारच चिमुकलं उपकरण असेल तर गोष्ट वेगळी.

प्रोब फंक्शनमध्ये (उपकरण सापडल्यावर ड्रायव्हर ते सुरू करतो त्या कोडमध्ये) असाल तर सरळ डेव्ह_एरर_प्रोब हे तयार फंक्शन वापरा. ते नाव छापतंच, शिवाय ईप्रोब_डिफर ('आत्ता नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा' सांगणारी एरर) आला तर एररचा गोंगाट न करता डीबग पातळीवर नोंद ठेवतं.