फवारणीचा ड्रोन घेताना मी टाकी बघितली नाही

ऐन फवारणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, हे शेती करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणारी माणसं कमी झालीत, आणि आहेत ती सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असतात. माझी ही निकड विक्रेत्याने बरोबर ओळखली.

प्रात्यक्षिकाला त्याने ड्रोन माझ्याच रानावर उडवला. १८ मिनिटं झाली तरी यंत्र वरच! मी घड्याळ बघत राहिलो. टाकी त्यांनी गाडीमागे नेऊन भरली होती, ती बघायचं सुचलंच नाही. आज विचार केला तर तळाशी जेमतेम दोन लिटर पाणी असणार.

कारण ड्रोनला सगळं वजन पंख्यांच्या जोरावर हवेत तोलून धरावं लागतं. माझं यंत्र बॅटरीसकट १४ किलोच्या आसपास. त्यात १० लिटर औषधपाणी भरलं की २४ किलो, आणि उडण्याचा वेळ निम्म्यावर. अशा ड्रोनची नवी, चांगली बॅटरीसुद्धा भरल्या टाकीने ९-१० मिनिटंच टिकते. हे त्याने सरळ सांगितलं असतं तरी मी ड्रोन घेतला असता, फक्त जास्तीच्या बॅटऱ्या मागितल्या असत्या.

पण खोट तेवढीच नव्हती. ‘दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय’ म्हणून त्याने घाई केली. मी पूर्ण रक्कम भरली, आणि फवारणीच्या टोळीला यंदा येऊ नका म्हणून कळवून टाकलं. ती चूक सगळ्यात महागात पडली.

पहिल्याच दिवशी पाचव्या मिनिटाला ड्रोन कोकलायला लागला आणि अर्धी टाकी घेऊन पिकातच उतरला. दुसरी बॅटरी लावली, तिसरी लावली, तेच. शेवटी एका जाणकार ऑपरेटरने अ‍ॅपमध्ये बॅटरीची नोंद उघडून दाखवली. किती वेळा चार्ज झाली, हा आकडा अशा बॅटरीच्या आतच साठतो. नवीवर तो शून्याच्या जवळपास हवा. माझ्या एकीवर ३१२ होता! वेष्टण कोरं, माल वापरून झिजलेला. दोन बॅटऱ्या तर फुगल्या होत्या. तशी बॅटरी चार्जरला लावली तर पेट घेऊ शकते.

विक्रेता म्हणाला, तुम्हीच वजन जास्त उचललंत. वॉरंटीत बॅटरी नव्हती. पावतीवर ‘माल तपासून घेतला’ असं छापलेलं, खाली माझी सही. तोवर टोळी दुसऱ्याच्या रानात लागली होती आणि माझ्या पिकावरची कीड पानापानावर पसरत होती.

तुम्ही घेणार असाल तर टाकी स्वतःच्या हाताने काठोकाठ भरा आणि मग वेळ लावा. प्रत्येक बॅटरीचा चार्जचा आकडा अ‍ॅपमध्ये बघा, तिच्या नंबरासकट पावतीवर लिहून घ्या. रिकामी बॅटरी पुन्हा भरायला किती वेळ लागतो, तेही समोर बसून मोजा. आणि यंत्राने तुमच्या रानाची एक फवारणी पुरी करेपर्यंत टोळीला नाही म्हणू नका.