एक्सरसिझमचा हॅस्केल ट्रॅक: टेस्ट पास झाल्या की खरा अभ्यास सुरू

हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मोनाड नावाची एक अवघड संकल्पना आहे. तिच्यावर कितीही लेख वाचले तरी कोरी फाइल समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. ती सुचायला लागते लहान लहान प्रश्न सोडवून, आणि त्यासाठी एक्सरसिझम या प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या संकेतस्थळाचा हॅस्केल ट्रॅक, म्हणजे त्या भाषेची प्रश्नमालिका, मला फार आवडला. तो फुकट आहे, ना-नफा तत्त्वावर चालतो. कोड ब्राउझरमध्ये लिहिता येतो किंवा प्रश्न कमांड लाइनवरून उतरवून आपल्या एडिटरमध्ये सोडवता येतो. यातला दुसरा, आपल्या एडिटरचा मार्ग मी सुचवेन, कारण जीएचसीशी, म्हणजे हॅस्केलच्या कम्पायलरशी, थेट गाठ पडायला हवी. जिथे अडलात तिथे नुसता अंडरस्कोर ठेवून कम्पाइल करा. त्या जागी कोणत्या टाइपची (संख्या, यादी अशा प्रकारची) गोष्ट हवी आहे ते कम्पायलर स्वतः सांगतो. ही सवय ज्याला लागली त्याची निम्मी भीती गेली.

कोलाट्झचा प्रश्न बघा. संख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवायचा, आणि 1 पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजायचं. 12 ला 9 लागतात. फंक्शनचा टाइप आधीच दिलेला असतो, उत्तर ‘मेबी’मध्ये, म्हणजे ‘उत्तर आहे किंवा नाही’ अशा टाइपमध्ये, द्यायचं. म्हणजे शून्य किंवा ऋण संख्या आली तर काय, हा विचार पहिल्या ओळीआधीच करावा लागतो. पायथनहून आलेली माझ्यासारखी व्यक्ती इथे मोजणीचा आकडा हातात घेऊन रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन) लिहिते, आणि उत्तर तपासणाऱ्या तयार टेस्ट पासही होतात.

पण तिथे थांबायचं नाही. आपलं उत्तर दिल्यावर इतरांची उत्तरं वाचा. कुणी ‘इटरेट’ या तयार फंक्शनने न संपणारी यादी तयार करतो, ‘टेकव्हाइल’ने ती 1 च्या अलीकडे तोडतो आणि उरलेल्या यादीची लांबी घेतो. मोजणारा आकडा कुठेच नाही! यादी अनंत असूनही चालतं, कारण लागेल तेवढाच भाग हिशेबात घेतला जातो. यालाच लेझी इव्हॅल्युएशन म्हणतात, आणि ते मला व्याख्येपेक्षा इथे जास्त समजलं. असं उत्तर वाचून झालं की ते बंद करा आणि स्वतः पुन्हा लिहा. नुसतं वाचलेलं टिकत नाही.

न्यूक्लिओटाइड काउंट या प्रश्नातही असंच होतं. डीएनएच्या ओळीतली अक्षरं मोजायची, चुकीचं अक्षर आलं तर ‘इदर’मधून (एरर किंवा उत्तर यांपैकी एक देणारा टाइप) एरर परत करायची. प्रत्येक अक्षर तपासायला लांबलचक कोड लिहावा लागेल असं वाटतं, पण ‘ट्रॅव्हर्स’ एकट्याने ते काम करतं: एक अक्षर चुकलं की सगळं उत्तर ‘लेफ्ट’, म्हणजे ‘इदर’ची एररची बाजू. मोनाड, त्याच जातीची अॅप्लिकेटिव्ह वगैरे मंडळींची ओळख अशा ठिकाणी करून घ्यावी, गरज पडल्यावर.

मुख्य उणीव एकच, पण महत्त्वाची. टेस्ट उत्तर तपासतात, शैली नाही. जुन्याच पद्धतीचा कोड हॅस्केलच्या व्याकरणात लिहून सगळे प्रश्न सुटू शकतात आणि फंक्शनल विचार, म्हणजे फंक्शन्स जोडून उत्तर बांधणं, अंगवळणी पडतच नाही. म्हणून मेंटरकडून (मार्गदर्शकाकडून) उत्तर तपासून घ्यायची सोय जरूर वापरा. हे स्वयंसेवक असतात, तेव्हा ‘बरोबर आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘इथे रिकर्शनऐवजी फोल्ड बसेल का’ असं नेमकं विचारा; फोल्ड म्हणजे यादीतला एकेक घटक घेत सगळ्याचं एक उत्तर करणं. शिवाय बहुतेक प्रश्न छोट्या शुद्ध फंक्शन्सचे, म्हणजे बाहेरच्या कशालाही हात न लावणाऱ्या फंक्शन्सचे आहेत. फाइली, डेटाबेस, मोठ्या प्रोग्रॅमची मांडणी यांसाठी स्वतःचा एखादा प्रकल्पच हाती घ्यावा लागेल.

प्रोग्रॅमिंग अजिबात नवं असेल तर इथून सुरुवात करू नका. दुसरी एखादी भाषा येत असेल तर मात्र जरूर या, आणि लिस्ट ऑप्सचा प्रश्न लवकर घ्या. मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम करणं), फिल्टर (हवे ते घटक गाळून घेणं), फोल्ड हे सगळं त्यात स्वतः लिहावं लागतं. ‘फोल्डआर’ (उजवीकडून फोल्ड) अनंत यादीवरही मध्येच थांबू शकतो आणि ‘फोल्डएल’ (डावीकडून फोल्ड) का थांबू शकत नाही, हे ते लिहिताना कागदावर एकेक पायरी उलगडून बघा.